सोळा मंजूर रजा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गीताबाई तीन दिवस आल्या नाहीत, आणि माझी कंपनी मी चालवत नाही हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

कंपनी म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या वर दोन खोल्या. एकीत माझं आणि गीताबाईंचं टेबल, दुसरीत लिफ्टचं जुनं सामान. आम्ही अपार्टमेंटच्या लिफ्टची देखभाल करतो. बरकतपुऱ्यापासून मलकपेठेपर्यंत साठेक लिफ्ट आमच्याकडं आहेत. मेकॅनिक दोन, यादगिरी आणि जहांगीर. मालक मी, हणमंतराव. गाव देगलूरकडचं, शेती भावांनी सांभाळली, मी तरुणपणी इकडं आलो तो इकडचाच झालो. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि रागात दखनी, असं आमचं चालतं.

गीताबाई माझ्या सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हटलं की लोक काहीतरी वेगळंच समजतात. या बाई बावन्न वर्षांच्या, सुती साडीतल्या, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेल्या. मलकपेठेला रेसकोर्सच्या मागं एका खोलीत आई आणि त्या, दोघीच राहतात. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. वडील किशनराव बिलोलीकडून इथं आले, पाणीखात्यात नोकरी करून वारले. अठरा वर्षांपूर्वी गीताबाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी त्यांना फोन दाखवला आणि म्हणालो, "हा वाजला की उचलायचा, बस." तेवढंच काम आहे असं मला खरंच वाटत होतं.

आमच्या धंद्यात फोन दोन प्रकारचे येतात. एक, लिफ्ट बंद आहे. दुसरा, लिफ्ट बंद आहे आणि मी आत आहे. दुसरा फोन आला की गीताबाई आधी जहांगीरला किंवा यादगिरीला पाठवतात आणि मग दार उघडेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहतात. हा नियम मी केलेला नाही. कंपनीनं सांगितलेलं नाही, कुठं लिहिलेलंही नाही. वीस मिनिटं लागोत की तास, त्या फोन ठेवत नाहीत. तेलुगूत, दखनीत, जी भाषा समोरून येईल तिच्यात. आत कोण अडकलंय, दमा आहे का, सोबत लेकरू आहे का, दुपारी काय जेवलात, सून कशी आहे. मी कित्येकदा वैतागून म्हणालोय, "गीताबाई, पंचायत बंद करा, दुसरे फोन येताहेत." त्या मान डोलवायच्या आणि बोलत राहायच्या. आमची अर्धी गिऱ्हाइकं लिफ्टसाठी नाही, त्या आवाजासाठी आमच्याकडं टिकलीत. हेही मला ऑगस्टमध्येच कळलं.

तर ऑगस्टमध्ये त्यांची आई, पंचफुलाबाई, न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. गीताबाईंनी सकाळी फोन करून सांगितलं, तीन दिवस येणार नाही. मी मोठ्या मनानं म्हणालो, "खुशाल राहा, इथलं मी बघतो."

काय बघतो. पहिल्याच दिवशी दहा वाजता फोन आला, लिफ्ट बंद. कुठली बिल्डिंग, तर म्हणे आपली तीच, शंकर वॉचमनची. मी गीताबाईंचं लाल रजिस्टर उघडलं. त्यात सगळं होतं, मोटाररूमची किल्ली कुठं असते, कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी भांडखोर आहे, कुठल्या लिफ्टला पावसाळ्यात पाणी लागतं. पण ते सगळं वॉचमनच्या नावानं लावलेलं. बिल्डिंगचं नाव कुठंच नाही. रजिस्टरात शंकर सात होते. मी यादगिरीला चौथ्या शंकरकडं पाठवलं, तो दुपारी परत आला आणि मला न विचारता गीताबाईंच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाला, "गीतम्मा एप्पुडु वस्तुंदी सार?" गीतम्मा कधी येणार. मी म्हणालो, मी आहे ना. तो पाणी प्याला आणि गेला.

जहांगीर तरी तोंडावर बोलतो. "साब, आप फोन पे गुस्सा नक्को करो," तो म्हणाला. "मलकपेठवाले पूछ रहे थे, मेडम को निकाल दिए क्या."

तिसऱ्या दिवशी मला लिफ्टच्या लायसनची एक नक्कल हवी होती. कपाट उघडून मी फायली उपसत बसलो. सगळ्या फायलींवर इंग्रजीत नावं, सुबक अक्षरात. एकीवर मात्र मराठीत लिहिलेलं होतं, "रजा". पातळशी फाईल. मला वाटलं यादगिरीच्या रजा असतील, कारण आमच्याकडं रजा घेणारा तोच. उघडली तर आत गीताबाईंचे अर्ज होते. हातानं लिहिलेले, मराठीत. आमच्या ऑफिसात मराठी वाचणारे आम्ही दोघंच.

पहिला अर्ज त्या नोकरीला लागल्या त्या वर्षीचा. "विजयादशमीनिमित्त आईला नागपूरला दीक्षाभूमीवर घेऊन जायचे आहे. तरी दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी ही विनंती." खाली "मंजूर" आणि माझी सही. दुसरा त्याच्या पुढच्या वर्षीचा. तोच मजकूर, तीच सही. तिसरा, चौथा. मी मोजले. सोळा. करोनाच्या दोन वर्षांचे नव्हते, तेव्हा कुणीच कुठं जात नव्हतं. सोळाच्या सोळा अर्ज मंजूर, आणि अठरा वर्षांत गीताबाई दसऱ्याला एकदाही रजेवर गेलेल्या नव्हत्या.

कसं झालं हे समजायला मला वेळ लागला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. गीताबाई माझ्यापुढं कागद ठेवतात तेव्हा जिथं सही करायची तिथं पेन्सिलनं बारीक फुली मारलेली असते. मी वाचत नाही. त्यांचं काम कधी चुकत नाही, मग वाचायचं कशाला? फुली बघायची, सही ठोकायची. अशा हजारो सह्यांत ह्या सोळा होत्या.

आणि दसऱ्याचं मी काय करत होतो तेही ऐका. दसऱ्याला निम्मं हैदराबाद गावाला जातं. यादगिरी पान्हे, पट्टे, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावून आदल्या दिवशीच बस पकडतो. मी बायकोला, भाग्यलक्ष्मीला, घेऊन देगलूरकडं निघतो. सीमोल्लंघन, आपट्याची पानं, भावांकडं पुरणपोळी. आणि निघताना दरवर्षी गीताबाईंना म्हणतो, "तुम्ही आणि जहांगीर आहातच. तुमच्याकडं काही दसऱ्याची पूजा नसते ना." हे मी चांगल्या मनानं म्हणायचो, बरं का. मी स्वतःला फार सुधारलेला समजतो. ज्याचा सण नाही त्यानं त्या दिवशी ड्यूटी करावी, ज्याचा आहे त्यानं घरी जावं, कुणावर अन्याय नको. ईदला जहांगीरला सुट्टी देतो, बुद्धपौर्णिमेला गीताबाईंना. इतका हिशोबी न्याय केला मी, आणि बौद्ध माणसाचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस दसऱ्यालाच येतो हे मराठवाड्यात वाढूनही माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ऐकलेलं होतं. माहीतही होतं. ऑफिसशी त्याचा संबंध जोडला नव्हता एवढंच.

गीताबाई चौथ्या दिवशी आल्या. डोळे आत गेलेले, पदराला औषधाचा वास. आल्या आल्या रजिस्टर ओढून त्यांनी तीन दिवसांचे फोन विचारले आणि मी घातलेले घोळ निस्तरायला बसल्या. दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी ती फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे बोलला का नाहीत कधी?"

त्यांनी फाईल बघितली, माझ्याकडं बघितलं. "बोलले की साहेब. लिहून दिलं होतं."

"मी वाचलं नव्हतं."

"सही तर केली होती तुम्ही."

"मग गेला का नाहीत?"

"तुम्ही गावाला निघायचे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "यादगिरी नसायचा. जहांगीर बिल्डिंगीत. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असतं तर फोन कुणी उचलला असता?"

मग त्यांनी आपणहून सांगितलं, एरवी त्या घरचं काही सांगत नाहीत. पंचफुलाबाई बारा वर्षांच्या असताना नागपूरला दीक्षा झाली. त्यांच्या घरची सगळी माणसं गेली. धाकटी दोन भावंडं तापानं फणफणलेली होती, त्यांच्यापाशी पंचफुलाला ठेवून गेली. सगळे परत आले तेव्हा ते तिला तिथली गर्दी कशी होती ते सांगत बसले, आणि ती ऐकत बसली. एकदा त्या दिवशी तिथं उभं राहायचं, एवढं एकच मागणं तिनं पुढं लेकीकडं केलं होतं.

"दुसऱ्या कुठल्या दिवशी न्यायचं होतं की," मी म्हणालो. म्हणू नये ते माणूस म्हणतोच.

"विचारलं मी. आई म्हणते, मोकळी जागा बघायला मला जायचं नाही."

त्या दुपारी मी ठरवलं. यंदा गावाला जायचं नाही. ऑफिसात मी बसणार, फोन मी उचलणार, आणि गीताबाई आईला घेऊन नागपूरला जाणार. भाग्यलक्ष्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला अठरा वर्षांनी सुचलं का?" मी रेल्वेची तिकिटं काढली, एसीची, खालचे बर्थ. चाकाची खुर्ची मिळेल का तेही विचारून ठेवलं. फार बरं वाटत होतं मला. सप्टेंबरात एका सकाळी मी तिकिटं गीताबाईंच्या टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो.

त्यांनी ती दोनदा वाचली. त्या सगळं वाचतात.

"साहेब, डॉक्टर म्हणाले आई आता उठणार नाही," त्या म्हणाल्या. "कुशीवर वळवायलासुद्धा दोघं लागतात. शेजारची मुलगी येते मदतीला."

"मग तुम्ही तरी जा."

"मी एकटीनं जाऊन काय करू?"

तिकिटं त्यांनी पाकिटात घालून मला परत दिली. मी म्हणालो, नागपूर नाही तर नाही, पण दसऱ्याला तुम्ही घरी राहायचं. टीव्हीवर सगळं दाखवतात, आईला दाखवा. फोन बंद ठेवायचा. हुकूम समजा. त्या थोडं हसल्या आणि म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवशी अर्ज आला, एका दिवसाच्या रजेचा. फुली होती. मी या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं आणि सही केली.

दसऱ्याला मी नऊ वाजता ऑफिस उघडलं. खाली क्लास बंद, रस्त्यावर झेंडूचे ढीग. माझ्या टेबलावर गीताबाईंनी लाल रजिस्टर ठेवलं होतं आणि वर चिठ्ठी, "साहेब, शंकर सात आहेत, आडनावं लिहिली आहेत." दोन फोन आले, साधे होते, मी निभावले. जहांगीरला पाठवलं, तो म्हणाला, "आज तो कमाल कर दिए साब." मला वाटलं जमलं.

साडेअकराला तिसरा फोन आला. मलकपेठेहून एक म्हातारी बाई, अनसूयम्मा. शेजाऱ्यांना द्यायला जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन वर निघाल्या होत्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत दिवा नाही. श्वास लागलेला ऐकू येत होता. मी पत्ता विचारून जहांगीरला पिटाळलं. मग किल्ली कुठं आहे ते बघायला रजिस्टर घेतलं आणि बाईंना वॉचमनचं नाव विचारलं. त्या रडायला लागल्या. वॉचमन म्हणजे वॉचमन, तो गावाला गेलाय, मला आधी बाहेर काढा. मी मोठ्यानं म्हणालो, अम्मा, शांत राहा. मोठ्यानं म्हटल्यावर कुणी शांत होतं का? त्यांचा श्वास आणखी चढला. "ऊपिरि आडट्लेदु," त्या म्हणायला लागल्या, जीव गुदमरतोय. मी रजिस्टरची पानं उलटत होतो.

मी तीन मिनिटं तग धरला. मग दुसऱ्या लाईनवर गीताबाईंना फोन लावला. बंद ठेवायला सांगितलेला फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"कोणती बिल्डिंग साहेब?" त्यांनी विचारलं. मी पत्ता सांगितला. "तो मल्लेश वॉचमन. किल्ली चौथ्या मजल्यावर टीचर राहतात त्यांच्याकडं असते, जहांगीरला सांगा. आणि त्यांना माझ्याशी जोडून द्या."

मी जोडून दिलं. जहांगीरला किल्लीचं सांगितलं आणि परत फोन कानाला लावला. ठेवायला हवा होता, ठेवला नाही.

"अम्मा, भयपडकंडी," गीताबाई म्हणत होत्या. भिऊ नका. "मी गीता. तुमच्या नातवाचं बारसं झालं ना मागच्या महिन्यात? नाव काय ठेवलं?" तिकडचा श्वास हळूहळू खाली यायला लागला. आणि गीताबाईंच्या मागून टीव्हीचा आवाज येत होता. खूप माणसं एका सुरात म्हणत होती, बुद्धं सरणं गच्छामि. त्या आवाजावर एक म्हातारा, बारीक आवाज आला.

"गीते, मला बसव ग. दिसंना मला."

"एक मिनिट, आई," गीताबाई म्हणाल्या आणि लगेच तेलुगूत, "सांगा ना अम्मा, नाव काय ठेवलं?"

रस्त्यात मिरवणूक होती. जहांगीरला पोचायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत मी तो म्हातारा आवाज पाच वेळा ऐकला. शेजारची मुलगी सणाला गेली असावी. "गीते, उठव ना." "सरलं का ग ते?" प्रत्येक वेळी गीताबाई म्हणाल्या, "एक मिनिट, आई." मी मध्येच बोलून म्हणू शकलो असतो, तुम्ही जा, मी बोलतो यांच्याशी. म्हणालो नाही, कारण मला बोलता येत नव्हतं आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पाचव्यानंतर तो आवाज आला नाही. मग टीव्हीवर कसलीतरी जाहिरात लागली.

दार उघडल्याचा आवाज आला. अनसूयम्मा जहांगीरला आणि देवाला आशीर्वाद देत राहिल्या. गीताबाई त्यांना म्हणाल्या, पाणी प्या, आणि मग मला म्हणाल्या, "झालं साहेब. मल्लेशच्या पानावर लिहून ठेवा, आत दिवा बसवायचाय."

"आई?" मी विचारलं.

"झोपली," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्या वेळेवर आल्या. मी काय बोलायचं ते रविवारभर जुळवत होतो, पण त्यांनी आल्या आल्या माझ्यापुढं कागदांचा गठ्ठा ठेवला. सगळ्यात वर मराठीत लिहिलेला एक कागद होता. खाली पेन्सिलची फुली. मी वाचला. "दसऱ्याची एक दिवसाची रजा मंजूर झाली होती. परंतु सदर दिवशी मी कामावर हजर असल्याने ती रजा रद्द समजावी, ही विनंती."

"हे कशाला, गीताबाई?"

"फाईलला लागतं साहेब. आधीच्या वर्षांचे राहून गेले, आता निदान हा तरी खरा असू दे."

माझा पेन उघडा होता. मला त्यांची माफी मागायची होती, खरंच मागायची होती. मी वर बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पुढच्या वर्षी..."

गीताबाईंनी बोट फुलीवर ठेवलं.

"इथं सही करा साहेब," त्या म्हणाल्या. "जहांगीर खाली थांबलाय."